कीटोनचा फलक माझ्याकडे होता

माझं अक्षर चांगलं आहे. या एका गुणापायी मी आयुष्यात जेवढा अडकलोय तेवढा दुर्गुणांपायी अडकलो नसेन. कार्यालयात कोणी निवृत्त झालं की निरोपाचं कार्ड माझ्याकडे, लिफ्ट बंद पडली की तिच्या दारावरची पाटी माझ्याकडे, संचालकांना नातू झाला तर त्या आनंदाच्या बातमीचा कागदही माझ्याकडे. त्यामुळे चयापचय अभियान सुरू झालं आणि कीटोनचा फलक माझ्या गळ्यात पडला, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं.

आमचं कार्यालय वेळापत्रकं तयार करतं. बस, रेल्वे, बोटी, सगळ्यांची. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटणार हे चार मजल्यांवरची दीडशे माणसं वर्षभर ठरवत, तपासत आणि छापत असतात. मी आस्थापना विभागात कारकून. तिसऱ्या मजल्यावर मुद्रितशोधकांची खोली. तिथे माणसं जोडीनं बसतात. एकानं मूळ कागदावरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापलेल्या पानावर बोट ठेवून ते जुळवायचं. "सहा टिंब चाळीस, सात टिंब पाच, रेघ, रविवारी नाही." दिवसभर हेच. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत कसला तरी जप चाललाय.

आता अभियान कसं सुरू झालं ते सांगतो. आमच्याकडे रिवाज असा की संचालकांना जे होतं ते कार्यालयाला होतं. त्यांची कंबर धरली तेव्हा आम्हा सगळ्यांच्या खुर्च्या बदलल्या. त्यांनी सिगारेट सोडली तेव्हा गच्चीला कुलूप लागलं. या वर्षी त्यांच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, साखर जरा काठावर आहे, लक्ष ठेवा. साहेबांनी लक्ष ठेवायचं ठरवलं. पण एकट्यानं लक्ष ठेवतील तर ते संचालक कसले?

सोमवारी सभागृहात सगळ्यांना बोलावलं. मंचावर बाह्या दुमडलेला एक हसरा गृहस्थ उभा होता. दोन वर्षांपूर्वी हाच गृहस्थ आम्हाला फोन हसतमुखानं कसा उचलावा हे शिकवायला आला होता. आता तो चयापचय प्रशिक्षक झाला होता. आवाज तोच, हसू तेच, फक्त हातात फोनऐवजी दोन छोटी यंत्रं होती.

"मित्रांनो," तो म्हणाला, "तुमचं शरीर तुमच्याशी सारखं बोलत असतं. पण तुम्ही ऐकता का?"

साडेअकरा वाजले होते आणि आमची शरीरं चहाबद्दल बोलत होती.

मग त्यानं समजावून सांगितलं. शरीराला चालायला इंधन लागतं. एक इंधन साखर, दुसरं चरबी. पाव, बटाटा, साखर खाणं बंद केलं की शरीर नाइलाजानं चरबी जाळायला लागतं, आणि चरबी जळाली की रक्तात कीटोन तयार होतात. तेव्हा रोज सकाळी उपाशीपोटी बोटाला टोचायचं, एक थेंब ग्लुकोजच्या यंत्राला, एक थेंब कीटोनच्या यंत्राला. ग्लुकोज खाली, कीटोन वर. "आकडा खोटं बोलत नाही," असं तो तीन वेळा म्हणाला आणि तिन्ही वेळा टाळ्या झाल्या.

प्रत्येकाला एकेक डबी मिळाली. दोन यंत्रं, टोचायची पेन्सिलीसारखी नळी, दोन प्रकारच्या पट्ट्या. भांडारपालांना तर नवा जन्म मिळाल्यासारखं झालं. वापरलेली पट्टी परत केल्याशिवाय ते नवी देईनात.

आणि मग अभियान कोणत्या विभागाकडे, यावरून जुंपली. आस्थापनेचं म्हणणं, कर्मचाऱ्यांचं शरीर आमच्या अखत्यारीत येतं. गुणवत्ता विभागाच्या मॅडम म्हणाल्या, मोजमाप म्हटलं की ते आमचं. आठवडाभर टिपणं वरखाली फिरली. शेवटी संचालकांनी न्याय केला. कीटोन आस्थापनेला, ग्लुकोज गुणवत्तेला. पहिल्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्याच्या एका टोकाला आमचा फलक, दुसऱ्या टोकाला त्यांचा. एकमेकांच्या फलकाकडे बघायचंही नाही इतका दोन्ही विभागांत अबोला.

आमच्या फलकावर प्रशिक्षकानं दिलेल्या पायऱ्या होत्या. अर्ध्याच्या आत 'आळशी', दीडपर्यंत 'जागृत', तीनपर्यंत 'तेजस्वी', आणि तीनच्या वर 'विक्रमवीर'. मी त्या चार रंगांत काढल्या. विक्रमवीरला सोनेरी पेन वापरलं.

कार्यालयाचा नूरच पालटला. लिफ्टमध्ये कोणी "कसे आहात?" विचारेना. "किती?" एवढंच. उत्तरही तेवढंच, "शून्य टिंब आठ." मग समोरचा मान हलवायचा, आपल्याला कळलं असं दाखवायला. जेवणाच्या सुटीत माणसं उकडलेली अंडी आणि चीजचे तुकडे घेऊन बसायची आणि दुसऱ्याच्या डब्यात डोकावायची. कोणाच्या डब्यात बटाट्याची फोड दिसली की त्याच्याकडे सगळे अशा नजरेनं बघायचे, जणू त्यानं घरच्या मंडळींना देशोधडीला लावलंय. आमचे विभागप्रमुख पहिले दोन आठवडे ०.२ वर अडकले होते. म्हणजे आळशी. एका सकाळी ते फलकाजवळ येऊन हळूच म्हणाले, "काय रे, दोनच्या आधीचं शून्य दिसलंच पाहिजे असं परिपत्रकात कुठे आहे का?"

"नाही सर."

"आणि टिंब? ते बारीक काढलं तरी चालतंच ना?"

चालतं म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ते तेजस्वी झाले.

या सगळ्यात तिसऱ्या मजल्यावरचा एक माणूस गुपचूप वर चढत होता. त्याला सगळे 'निवांत' म्हणायचे. वय अठ्ठेचाळीस, गोल चेहरा, गोल पोट, आणि कसलीही घाई झाली की "निवांत होऊ दे" म्हणायची सवय. चोवीस वर्षांच्या नोकरीत तो कशातच पहिला आला नव्हता आणि कशातच शेवटचाही नाही. मोठ्यानं वाचायचं काम त्याच्याकडे, कारण आवाज भरदार आणि स्वच्छ. त्याच्यासमोर जुळवायला बसायच्या त्या बाईंना कार्यालय 'टाचणी' म्हणायचं. साठीला टेकलेल्या, किरकोळ अंगाच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. चूक कुठेही लपली तरी त्या तिला टोचून बाहेर काढायच्या. चौदा वर्षं ही दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसत होती. तो त्यांना "बाई" म्हणायचा, त्या त्याला "निवांतराव". कामाखेरीज फारसं बोलणं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात निवांत ०.९ वर होता. तिसऱ्यात १.८. पाचव्यात ३.२, आणि मी पहिल्यांदाच सोनेरी पेनचं टोपण काढलं.

"अहो निवांत, काय करता तरी काय तुम्ही?" लोक विचारायला लागले.

"काही नाही हो," तो लाजून म्हणायचा. "पाव सोडला, बटाटा सोडला. तहान मात्र फार लागते. आणि भूक असते, पण वजन उतरतंच आहे."

वजन खरंच उतरत होतं. गोल चेहऱ्याला कोपरे आले. पँट कमरेवर पट्ट्यानं चुण्या पाडून बांधल्यासारखी दिसायची. संचालक एकदा व्हरांड्यात थांबले आणि सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटून म्हणाले, "शाब्बास! याला म्हणतात इच्छाशक्ती." निवांतला आकाश ठेंगणं झालं. त्या दिवशी तो पाण्याच्या यंत्रापाशी सात वेळा आला, हे मी मोजलं नाही, पण माझं टेबल तिथेच आहे.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र वेगळीच गत होती. तिथल्या फलकावर तो तळाशी होता. २१०. मग २६५. मग ३१०. उपाशीपोटी ग्लुकोज शंभराच्या आत हवं, फार तर थोडं वर, असं तिथेच लाल अक्षरात लिहिलेलं होतं. गुणवत्तेच्या मॅडमनी त्याचं निदान केलं होतं: हा माणूस चोरून गोड खातो.

आम्ही आस्थापनेतले त्यांच्या फलकाकडे ढुंकून बघत नव्हतो, आणि ते आमच्याकडे. निवांत दोन्ही आकडे रोज सकाळी प्रामाणिकपणे दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून दोन वेगळ्या पेट्यांत टाकायचा. कारण परिपत्रकात तसंच सांगितलं होतं.

घरी काय चाललं होतं ते मला त्याच्या बायकोनं पुढे सांगितलं. ती घरीच शिवणकाम करते, लोकांचे कपडे लहानमोठे करून देते. नवऱ्याची पँट तिनं आधी एकदा आत घेतली, तेव्हा तिला बरं वाटलं. दुसऱ्यांदा घेतली तेव्हा तिनं मापाची पट्टी त्याच्या कमरेला पुन्हा लावून बघितली. तिसऱ्यांदा पँट टेबलावर पसरली तेव्हा मागचे दोन्ही खिसे जवळजवळ एकमेकांना भेटायला आले होते.

"अहो, हे जरा जास्तच होतंय."

"अगं, अभियान आहे."

"अभियानात माणूस एवढा वाळतो? आणि रात्रीत चार-चार वेळा उठता ते?"

"पाणी जास्त पितो ना. प्रशिक्षकांनीच सांगितलंय."

पण त्याच आठवड्यात गुणवत्ता विभागाचं पत्र घरी आलं. आपले ग्लुकोज सातत्याने वाढत असून आपण नियमबाह्य पदार्थांचे सेवन करता किंवा कसे, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. तिनं ते वाचलं आणि तिचं डोकं फिरलं. म्हणजे घरी हा आपल्यासमोर कोरडी अंडी गिळतो आणि बाहेर गोडावर ताव मारतो? तिनं साखरेचा डबा कपाटात कुलपात ठेवला. कोटाचे खिसे उलटे केले. खिशांत काय मिळालं? वापरलेल्या पट्ट्या आणि एक रुमाल. तिला वाटलं, पुरावा नाहीसा करण्यात हा पटाईत झालाय. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

निवांतनं खुलासा लिहिला. मी तो नंतर पाहिला. 'मी गोड खाल्लेले नाही. पाव, बटाटा, साखर यांना गेल्या सहा आठवड्यांत हात लावलेला नाही. तरी साखर का वाढते हे मला समजत नाही. याबद्दल मी दिलगीर आहे.' त्यावर मॅडमनी शेरा मारला, खुलासा असमाधानकारक, आणि ताकीदपत्र काढलं.

त्याच दिवशी आमच्या विभागानं त्याला अभिनंदनपत्र काढलं. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सभागृहात संचालकांच्या हस्ते 'चयापचय वीर' असं लिहिलेला खांद्यावरचा पट्टा देऊन सत्कार. पत्र अर्थात माझ्या अक्षरात. टपाल वाटणाऱ्या शिपायानं एकाच माणसाची दोन पत्रं बघून ती एकाच पिनेत अडकवली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. वर सत्कार, खाली ताकीद.

गुरुवारी निवांतला सर्दी-कणकण होती. शुक्रवारी पहाटे त्याला दोनदा उलटी झाली. बायको म्हणाली, आज घरी थांबा. तो म्हणाला, "अगं, आयुष्यात पहिल्यांदा पहिला आलोय. तासाभराचा प्रश्न आहे." ती अजून रागात होती. थांबा असं तिनं दुसऱ्यांदा म्हटलं नाही. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

साडेनऊला त्याच्या चिठ्ठ्या पेट्यांत पडल्या. मी माझी उघडली. ४.६. कार्यालयाचा उच्चांक! मी सोनेरी पेननं आकडा मोठा काढला आणि भोवती किरणंही काढली. किरणं काढायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

वर तिसऱ्या मजल्यावर ते दोघं बोटींच्या वेळापत्रकाला बसले होते. तिथे काय झालं ते टाचणीबाईंनी सांगितलं. गेले काही दिवस त्याचं वाचन बिघडलं होतं. जीभ कोरडी, दर ओळीला पाणी. आठाला तीन वाचायचा, चष्मा पुसायचा, पुन्हा चुकायचा. बाईंना वाटलं, डोक्यात हवा गेली. पण त्या सकाळी तो एका ओळीनंतर थांबला आणि नुसता श्वास घेत राहिला. खोल, मोठे, घाईचे श्वास, जिने चढून आल्यासारखे. आणि टेबलाच्या पलीकडून बाईंना वास आला. गोडसर, नखांचा रंग काढायच्या पाण्यासारखा.

"निवांतराव, तुम्ही काय प्यायलात?"

"पाणी, बाई."

"बरं वाटतंय का?"

"पोटात दुखतंय. होईल निवांत." असं म्हणून तो सत्काराला खाली गेला, कठड्याला धरून.

टाचणीबाई उठल्या. त्यांना वैद्यकातलं काही कळत नव्हतं, हे त्या स्वतःच सांगतात. त्यांना फक्त दोन कागद जुळवता येतात. त्या एक कोरा कागद घेऊन पहिल्या मजल्यावर आल्या, माझ्या फलकापाशी थांबल्या आणि निवांतची ओळ तारीखवार उतरवून घेतली. मी त्यांना म्हणालो, "बाई, किरणं बघितलीत का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मग त्या व्हरांडा चालत दुसऱ्या टोकाला गेल्या आणि तिथली ओळ उतरवली. सहा आठवड्यांत तो व्हरांडा कागद हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणाऱ्या त्या पहिल्याच.

दोन ओळी एकाखाली एक आल्यावर त्यांनी समोरच्या दवाखान्यात फोन लावला.

इकडे सभागृहात निवांत मंचावर खुर्चीत बसला होता. चेहरा राखेसारखा. संचालकांचं भाषण रंगात आलं होतं. इच्छाशक्ती, संयम, निवांतचा आदर्श. त्यांनी पट्टा उचलला, निवांत उभा राहिला आणि तसाच वाकून मंचाच्या कडेला ओकला. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी पाय वर घेतले.

"घाबरू नका!" प्रशिक्षक पुढे झाला. "हे चांगलं लक्षण आहे. शरीर जुनं इंधन टाकून देतंय. मीठ घातलेलं पाणी आणा. मित्रांनो, टाळ्या!"

आणि टाळ्या झाल्या. सगळं सांगतोय तर हेही सांगून टाकतो, मीही वाजवल्या.

दार उघडून टाचणीबाई आत आल्या. थेट मंचावर चढल्या. त्यांचा आवाज एरवी टेबलापलीकडे जात नाही, पण त्या दिवशी मागच्या भिंतीपर्यंत गेला. कागद समोर धरून, वाचतात तसंच वाचलं. "आज. कीटोन चार टिंब सहा. ग्लुकोज तीनशे बहात्तर. काल. कीटोन चार टिंब एक. ग्लुकोज तीनशे अठ्ठेचाळीस."

"बाई, हे काय चाललंय?" संचालक म्हणाले.

"डॉक्टरांना आत्ता वाचून दाखवलं साहेब. त्यांनी विचारलं, दोन्ही आकडे एकाच माणसाचे आहेत का? मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, मग बोलत बसू नका, त्याला सरळ मोठ्या इस्पितळात न्या. आत्ता. जिवाशी खेळ आहे."

"हा गैरसमज आहे," प्रशिक्षक म्हणाला, पण हसू जरा तिरकं झालं होतं. "तीनच्या वर म्हणजे..."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"मी प्रमाणित प्रशिक्षक आहे."

"कशाचे?"

मागून कोणीतरी म्हणालं, "फोनचे." कोणी हसलं नाही.

निवांत खुर्चीत कलंडला होता. आम्ही चौघांनी त्याला उचललं. हाताला माणूस लागतच नव्हता, नुसते कपडे लागत होते. रुग्णवाहिकेला पंचवीस मिनिटं लागतील असं उत्तर आलं. खाली संचालकांची गाडी उभी होती. चालक गोंधळून म्हणाला, "गाडीचा मागणी अर्ज? दोन दिवस आधी लागतो." तो अर्ज माझ्याच टेबलावरून मंजूर होतो. तीन सह्या, दोन शिक्के. मी म्हणालो, "दार उघड." एवढं एक काम मी त्या दिवशी नीट केलं.

इस्पितळात त्याला आत नेलं. थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टर बाहेर आली आणि भराभर विचारायला लागली. तहान किती दिवसांपासून? वजन कधीपासून उतरतंय? साखर किती असायची? मी सगळं तारखेसकट सांगितलं. कोणत्या सोमवारी कीटोन किती, कोणत्या गुरुवारी किती. ग्लुकोज बाईंच्या कागदावरून. ती लिहिता लिहिता थांबली.

"तुम्ही नातेवाईक?"

"नाही. फलक माझ्याकडे असतो."

"कसला फलक?"

मी सांगितलं. पायऱ्या, रंग, सगळं. तिनं तेही सगळं लिहून घेतलं. काही वाईट बोलली असती तर बरं झालं असतं.

एवढ्यात निवांतची बायको आली. मनगटाला टाचण्या खोचायची गादी तशीच बांधलेली. डॉक्टरनं तिला बसवून समजावलं. "साखर पेशींपर्यंत पोचवायला इन्सुलिन लागतं. यांचं स्वादुपिंड ते जवळजवळ बनवतच नाहीये. त्यामुळे साखर रक्तात साठत राहिली आणि शरीर उपाशीच राहिलं. मग ते चरबी जाळत सुटलं. निरोगी माणसाचे कीटोन आहार बदलल्यावर थोडे वाढतात, पण इन्सुलिन त्यांना आवर घालतं. यांना आवर घालणारं कोणी नव्हतं. रक्त आम्लधर्मी होत चाललं होतं."

"म्हणजे ते गोड खात नव्हते?"

"नाही."

"एकदासुद्धा?"

"हा गोड खाण्याचा प्रश्नच नव्हता."

ती तिथेच बाकावर बसून रडायला लागली. "मी त्यांचे खिसे तपासले हो," असं मला सांगायला लागली, आणि मग बाकीचं सगळं सांगितलं. टाचणीबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना सांत्वन वगैरे जमत नाही. त्यांनी तिच्या मनगटावरची ती गादी सोडली, तिचा पट्टा गुंडाळून ती तिच्या पिशवीत ठेवली आणि पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

संध्याकाळपर्यंत त्याचा श्वास जरा शांत झाला. तिसऱ्या दिवशी तो बोलायला लागला. डॉक्टरनं त्याला विचारलं, इतकं सगळं होत होतं, तुम्हाला काहीतरी बिघडलंय असं वाटलं नाही? तो म्हणाला, "वाटत होतं. पण लोक इतके खूश होते."

कार्यालयात चौकशी समिती बसली. तिचा अहवाल अकरा पानांचा. दोन्ही विभागांनी आपापलं काम परिपत्रकानुसार केलं, असा निष्कर्ष निघाला. दोष व्हरांड्याच्या लांबीचा निघाला. तेव्हा यापुढे दोन्ही फलक एकाच भिंतीवर लावावेत, अशी शिफारस झाली. निवांतचे आकडे 'वैद्यकीय कारणास्तव अपात्र' ठरवून पुसण्यात आले आणि पट्टा दुसऱ्या क्रमांकाला गेला. दुसऱ्या क्रमांकावर आमचे विभागप्रमुख होते. त्यांनी तो नम्रपणे स्वीकारला. प्रशिक्षकाबद्दल अहवालात अवाक्षर नव्हतं. तो हल्ली दुसरीकडे कुठेतरी झोपेवर बोलतो असं ऐकलं.

मी फलक लिहायला नकार दिला. कारण लिहिलं, मनगट दुखतंय. खरं कारण लिहायला हवं होतं. महिनाभरात पट्ट्या संपल्या, नव्या आल्या नाहीत, आणि यंत्रं ड्रॉवरमध्ये गेली. संचालकांचं म्हणाल तर त्यांची साखर होती तिथेच काठावर आहे. त्यांनी संध्याकाळचं चालणं सुरू केलंय. सुदैवानं एकट्यानंच.

निवांत पाच आठवड्यांनी परत आला. अजून बारीकच, पण चेहऱ्यावर रंग होता. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, ते आता जन्माचं. पहिल्या दिवशी लोक त्याच्या टेबलापाशी घोळक्यानं आले. एकानं सवयीनं "किती?" असं विचारलं आणि जीभ चावली. मी गर्दी पांगल्यावर गेलो. मला माफी मागायची होती. रस्ताभर वाक्यं जुळवली होती.

"निवांत, तो ४.६..." मी सुरुवात केली.

"किरणं काढली होतीस म्हणे," तो म्हणाला. "मला बघायलाच मिळाली नाहीत." मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "बस रे. उभा का?"

मी बसलो. टाचणीबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, पण उठ म्हणाल्या नाहीत. त्यांचं रेल्वेच्या हिवाळी वेळापत्रकाचं काम चालू होतं. तो वाचत होता, त्या बोट सरकवत होत्या. आवाज पूर्वीएवढा भरदार नव्हता, पण आकडे स्वच्छ येत होते. पानाच्या मध्यावर तो थांबला. कपाळावर बारीक घाम आला होता. त्यानं खिशातून यंत्र काढलं, बोटाला टोचलं, बघितलं.

"अडुसष्ट," तो म्हणाला. "खाली आलीय."

"मग?" बाईंचं बोट ओळीवरून हललं नव्हतं.

"गोड खावं लागेल."

बाईंनी दुसऱ्या हातानं ड्रॉवर उघडला. आत फळांच्या रसाच्या छोट्या डब्या ओळीनं ठेवलेल्या होत्या, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. त्यांनी एक काढून त्याच्यापुढे सरकवली. तो नळीनं रस प्यायला. मग पाठीला टेकून बसला. रस प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं असतं. खालून मालमोटारीचा आवाज येत होता. त्यानं पुन्हा टोचलं, पुन्हा बघितलं, आणि यंत्र खिशात ठेवलं.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"चला मग. पान एकशे बारा, चौथी ओळ. आणि निवांतराव, मघाशी तुम्ही एक रविवार गाळलात."